मावशींचा कोरडा हात

मावशींच्या उजव्या हाताला पंचवीस वर्षांत तेलाचा थेंब लागला नव्हता. डावा हात मऊसूत आणि उजवा कोपरापासून खाली नुसता खरखरीत. रोज संध्याकाळी नवरा तेलाची वाटी घेऊन बसायचा, पाय चोळायचा, डावा हात चोळायचा आणि उजव्यापाशी थबकून म्हणायचा, "हा कंपनीचा. याला हात लावायची आपली काय टाप?"

याचं कारण कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनत. त्यासाठी लागणारा तांदळाएवढा दाणा वरच्या टाकीतून हवेच्या झोतावर, पाइपांतून मशीनकडे जाई. दाणा वाटेत अडला की मशीन उपाशी राही आणि अर्ध्यामुर्ध्या बादल्या बाहेर टाकी. दाणा चाललाय का आणि किती, हे बघणं मावशींचं काम. बघायला म्हणून लोखंडी पाइपात मध्येच हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बसवला होता, पण दाणे घासून घासून तो सहा महिन्यांत असा धुरकटला की आत दाणा आहे की धुकं, कळेना.

तेव्हा मावशींना एक गंमत सापडली. त्या तुकड्याजवळ हात नेला की हातावरची लव उभी राही, फुगा घासल्यावर केस उठतात तशी. दाणा भरपूर असला की लव ताठ, कमी असला की अर्धवट, नसला की आडवी. एका दिवशी मात्र त्या अंघोळीनंतर हाताला तेल लावून आल्या. लव दिवसभर लोळत पडली, दाणा चालू की बंद कळेना आणि तीनशे बादल्या बिनबुडाच्या निघाल्या. त्या दिवसापासून उजव्या हाताला तेल बंद. आधी सगळे हसले, मग हसू विरलं, आणि मशीनवाले खालून ओरडून विचारू लागले, "मावशी, लव काय म्हणते?"

या मावशींच्या जागेवर सेन्सर आला, आणि तो बसवायला आली ती त्यांची सख्खी भाची. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा, त्यामुळे पहिले दोन दिवस नातं कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोरीचं हे एकटीने घेतलेलं पहिलं काम. या पाइपावर जमलं तर उरलेल्या नऊ पाइपांचं कामही तिलाच मिळणार होतं आणि नोकरी पक्की होणार होती. नाही जमलं तर गाशा गुंडाळायचा.

"यात असतं तरी काय?" मावशींनी विचारलं.

भाचीने वीतभर पोलादी कांडी दाखवली. "ही पाइपात घुसवायची. दाणे हिला घासून जातात, जाता जाता थोडी वीज ठेवून जातात. ती वीज ही पेटी मोजते. जास्त दाणा, जास्त आकडा."

"म्हणजे माझाच हात की गं, फक्त लव नसलेला."

भाची हसली आणि मग कांडी टेबलावर ठेवत म्हणाली, "मावशी, हे चाललं तर तुझी इथली जागा जाईल."

"तू तुझं काम कर. माझ्या जागेला सव्वीस वर्षं झाली, तिलाही जरा बसू दे."

असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना स्वस्थ बसवेना. त्या हातांना काम शोधू लागल्या. भाची खाली कांडीभोवती बसवायची रबरी चकती आणायला गेली होती. कांडी टेबलावर पडलेली, तिच्यावर बोटांचे ठसे. पोरीची पहिली वस्तू, ती चकचकीत नको? मावशींनी कमरेचं फडकं काढलं आणि डाव्या हाताने कांडी अशी पुसली की तिच्यात तोंड दिसावं.

चार वाजता कारखान्याचे साहेब चाचणी बघायला आले. नाकासमोर चालणारा माणूस, पण घड्याळाचा गुलाम. भाचीने कांडी पाइपात बसवली आणि दाणा सोडला. पेटीवर आकडा आला चाळीस. मग एकतीस. मग वीस. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. ती बटणं दाबत राहिली आणि आकडा उतरत राहिला.

"दाणा कमी होतोय का?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी हात पुढे केला. लव शिपायासारखी उभी. "दाणा भरपूर आहे."

"मग ही पेटी खोटं बोलतेय," साहेब म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी मावशींची जागा वाचली असती. पण त्यांची नजर स्वतःच्या डाव्या हातातल्या फडक्यावर गेली. त्या फडक्याने त्या रोज झडपांच्या मुठींवरचं तेल पुसत. बिनबुडाच्या तीनशे बादल्या त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"पेटी खरी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "गाढवपणा माझा. कांडीला मी तेल लावलंय."

कांडी बाहेर काढली. दाण्यांची भुकटी तेलाला चिकटून तिच्यावर पांढरा थर चढला होता, पिठात घोळल्यासारखा. दाणे घासत होते ते भुकटीला, कांडीला नव्हेच. भाचीने कपाळाला हात लावला, मग तोच हात मावशींच्या खांद्यावर ठेवला. स्पिरिटने कांडी लख्ख पुसली आणि परत बसवली.

आकडा आला चाळीस आणि तिथेच राहिला.

मग भाचीच्याच डोक्यात एक कल्पना आली. तिने मावशींना पेटीकडे पाठ करून, उजवा हात पाइपाजवळ धरून उभं केलं आणि स्वतः झडप थोडी थोडी फिरवू लागली. "निम्मा," मावशी म्हणाल्या. पेटीवर एकवीस. "आणखी कमी." नऊ. "आता बंद." शून्य. जिन्यावर जमलेले मशीनवाले टाळ्या वाजवू लागले, आणि मावशींना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

साहेबांनी घड्याळ झाकलं. "नऊ पाइप घ्या," ते भाचीला म्हणाले. मग मावशींकडे वळले. "दर महिन्याला दहाही कांड्या पुसायला कुणीतरी लागेल. कशाने पुसायच्या नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

संध्याकाळी नवऱ्याने वाटी आणली. पाय झाले, डावा हात झाला. तो वाटी उचलून निघणार, तोच मावशींनी उजवा हात पुढे केला.

"अहो, याला पण लावा. कंपनीने आज सोडला."

नवरा वाटी घेऊन परत बसला. मग मनगटापासून सुरुवात केली, हळू, कुणी ओरडेल की काय अशा बेताने. त्या हाताने तेल बघता बघता पिऊन टाकलं. वाटी संपली, तेव्हा तो दुसरी भरायला उठला.