एक सीट बाकी

आमच्या गावाकडच्या गोरेगावच्या स्टँडवर जीपवाला “सेनगाव, एक सीट बाकी!” ओरडला की परदेशातला तो विमानतळ आठवतो. बहिणीकडं जाताना पहिलं विमान उशिरा उतरलं आणि दुसरं सुटायला वीसच मिनिटं उरली. वडील मात्र निवांत चालले होते. “काहून पळून राहिला? मानसं बसल्याबिगर गाडी हलत न्हाई.” “ही जीप न्हाई, अण्णा! पळा!” मी सगळ्यांसमोर खेकसलो आणि त्यांना हाताला धरून ओढत नेलं. दार बंद होता होता आम्ही चढलो. बसल्यावर पाहिलं, त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. पळताना मागंच सुटली होती. तो पाय सीटखाली घेऊन ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला ‘थांब’ म्हणायला ते भ्याले होते. अजूनही जीप भरेपर्यंत मी येणाऱ्या माणसांच्या पायांकडंच बघत बसतो.