मामाच्या पलटणीचा पत्ता

माझी आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. पण आईला भाऊ होता. चांगला धडधाकट, सैन्यात, तोफखान्यात नोकरी केलेला. तो जिवंत असतानाही ती चंद्रालाच ओवाळायची. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर, समोरच्या टॉवरमागे अडकलेला चंद्र बाहेर येईल म्हणून ती तबक घेऊन पाऊण तास गॅलरीत उभी राहिली, तेव्हा मला रागच आला. कुणाचा, ते कळेना.

घरात आम्ही दोघीच. माझा संसार मोडून बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात. निपाणीकडचं घर बंद करून आईला मी इथे आणलं, ते खरं तर माझ्याच सोबतीसाठी. पण सोबत काही होईना. मी दिवसभर लॅपटॉपसमोर इंग्रजीत बोलायची, ती दिवसभर कुणाशीच नाही. लिफ्टमधल्या बायका तिला हिंदीत काहीतरी विचारायच्या, ती नुसती मान डोलवायची. संध्याकाळी आम्ही टीव्ही बघायचो, म्हणजे टीव्ही चालू असायचा.

मामाबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच आईला वाढवलं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. एकाहत्तरच्या लढाईत तो तोफेवर होता. लढाई संपल्यावर दोन महिन्यांनी आईचं लग्न ठरलं, त्याची रजा मंजूर झाल्याचं पत्रही आलं, आणि तो आलाच नाही. कानपिळीला नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. ऐनवेळी एका लांबच्या चुलतभावाला उभं केलं. लग्नानंतर आठवड्याभरात आईनं माझ्या वडिलांच्या ऑफिसातून पलटणीत ट्रंककॉल लावला. मामा फोनवर आला, ‘बरं, बरं’ म्हणाला आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद ते बंदच. निवृत्तीनंतर तो नाशिककडे एकटाच राहिला आणि सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या शेजाऱ्यानं फोन करून कळवलं, तेव्हा आई मेथी निवडत होती. ती तिनं पूर्ण निवडली.

मागच्या वर्षी तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, मला एक लिफाफा सापडला. मागे पलटणीचा नंबर, आत चार ओळी. ‘फोनवर नीट बोलणं झालं नाही. लाइन खराब होती. तू सुखी आहेस ना? पत्र पाठव.’

आईला दाखवलं तर ती उखडली. “लाइन खराब म्हणे! खणखणीत ऐकू येत होतं की मला. ठेव ते जागेवर.”

मी ठेवलं, पण पत्त्याचा फोटो काढून घेतला. हे नसतं लचांड मी का मागे लावून घेतलं? मला भीती वाटत होती, हे खरं उत्तर. आई बहात्तर वर्षांची. हा राग घेऊनच ती जाईल आणि तिच्या मागे तो माझ्याकडे येईल, असं वाटायचं. माझी मुलगीसुद्धा आता आठवड्यातून एकदा फोन करते आणि ‘बरं, बरं’ म्हणून ठेवते.

सैन्याच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं, सैनिकाची माहिती हवी तर जवळच्या नातेवाइकाची सही पाहिजे. आईपुढे कागद ठेवला. तिनं तो बाजूला सरकवला आणि चष्मा काढून ठेवला. संपला विषय. शेवटी कामाला आले आमच्या सोसायटीच्या सिक्युरिटीचे सुपरवायझर. निवृत्त फौजी, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला कडक सलाम ठोकणारे. त्यांनी पलटणीचा नंबर माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तीन आठवड्यांनी मला गेटवर थांबवलं. मामाच्या तोफेवरचे एक हवालदार याच शहरात, चामराजपेटेत मुलाकडे राहत होते. चक्क आमच्याच गावाकडचे, चिकोडीचे.

खाली वह्या बांधायचं दुकान, वर त्यांचं घर. अरुंद जिना चढून गेले. हवालदारांच्या दोन्ही कानांत मशिनं होती. मी मामाचं नाव सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते वाचून म्हातारा उठून उभाच राहिला.

“उस्तादची भाची तू? बस की तंगी, बस. स्वल्प कॉफी घे.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मग स्वतःच्या कानाला हात लावून हसले. “आमच्या तोफेवरचे सगळे असेच. तेव्हा कानात घालायला काय होतं? कापूस.”

मी वहीत लिहिलं, मामा पण?

“उस्ताद तर पंधरा दिवसांत पार बहिरा झाला. दोन्ही कानांतून रक्त. पण डॉक्टरला दाखवलं की मेडिकल कॅटेगरी उतरणार, मग प्रमोशन बंद. म्हणून आम्ही झाकलं.”

कसं झाकलं, ते त्यांनी मला करून दाखवलं. तोफ सुरू झाली की तसंही कुणालाच काही ऐकू येत नाही. तोफेचा प्रमुख हात वर करतो, हात खाली आला की गोळा सुटतो. सगळं काम डोळ्यांवर. त्यामुळे तोफेवर मामा कधी चुकला नाही. परेडला हवालदार त्याच्या शेजारी उभे राहायचे आणि हुकूम आला की कोपरानं ढोसायचे. त्यांनी मलाही ढोसलं, चांगलंच लागलं.

लग्नाचं विचारायला माझा हात धजेना. मी नुसतं ‘बहिणीचं लग्न’ एवढंच लिहिलं.

“पेटी भरली होती त्यानं. रजेचा कागद खिशात. मग सकाळी पेटी परत रिकामी करून बसला. म्हणाला, मंगलाष्टकं संपली तरी मला कळायचं नाही, चारचौघांत तिची शोभा होईल. कान बरे झाले की जातो.”

“झाले?” मी ओरडले.

“कुठले!”

आणि फोन? फोन आला तेव्हा हे तिथेच होते. बहिणीचा फोन आहे, असं क्लार्कनं मामाला खुणेनं सांगितलं. मामानं रिसीव्हर कानाला लावला, मध्ये मध्ये ‘बरं, बरं’ म्हणाला. सगळा वेळ हसत होता. बाहेर येऊन यांना म्हणाला, खूश आहे पोरगी.

मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि मशिनं काढून टेबलावर ठेवली. माझी लाज राखायला असावं.

बेळ्ळंदूरला पोचायला त्या दिवशी दोन तास लागले. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या टॅक्सीत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. मोठी बातमी घेऊन चालले होते मी. तुझ्या भावानं तुला झिडकारलं नव्हतं, एवढं सांगितलं की झालं. पन्नास वर्षांची गाठ सुटेल आणि आमच्या घरात कुणीतरी मोकळं हसेल, असं मला वाटत होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, “फोनवर मी बोलले ते त्याला काहीच ऐकू गेलं न्हाई?”

“एक अक्षरही नाही.”

ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, “मी त्याला काय म्हणाले होते, ठाऊक हाय? तू मला मेलास म्हणाले. परत तोंड दाखवू नको म्हणाले. त्यावर तो बरं म्हणाला.”

हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही. इतकी वर्षं मी जिला राग समजत होते, ती लाज होती.

“पत्रात लाइन खराब लिहिलं, तेव्हा वाटलं मोठ्या मनानं झाकतोय. कुठल्या तोंडानं लिहिणार होते मी?”

“पण आता सुटलीस की तू,” मी तिचा हात धरून म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता. “त्यानं ते ऐकलंच नाही, आई. तुझं बोलणं त्याला लागलंच नाही.”

तिनं हात सोडवून घेतला.

“ऐकलं असतं तर बरं झालं असतं गं,” ती म्हणाली. “मी का लिहीत न्हाई, ते तरी त्याला कळलं असतं. त्याला वाटलं असेल, लग्न झालं आणि बहीण विसरली.”

मी तिच्या शेजारी बसून राहिले.