आईनं कुंडीतली माती चाखली

मंडळी, आज मी नर्सरीवाल्याचं डोकं फोडायला निघालो होतो!

सायलीनं रोह्याला राहायला जाताना तिचं कॅलेथियाचं रोप माझ्याकडे दिलं. म्हणाली, "हे जगवून दाखव, मग लग्नाचं बोल." आणि आता पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, नर्सरीवाल्यानं दिलेल्या खतानंच घात केला.

कुंडी घेऊन बाईकवर बसणार, तर आई आडवी आली. चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकली. अर्धा जन्म मिठागरात गेलाय तिचा.

"खारट हाय! बोअरिंगचं पाणी घालतोस ना? आपण तरी पितो काय ते?"

मी कुंडी खाली ठेवली. तिनं नळाचं गोडं पाणी तीनदा ओतून माती धुतली. मधोमध नवीन पानाची हिरवीगार गुंडाळी दाखवली. मानलं आईला!

सायलीला फोटो आत्ताच पाठवू, की पान उघडेपर्यंत थांबू? लवकर सांगा, मला धीर नाय.