पुढच्या वर्षी परत जाणारं बिऱ्हाड

अमेरिकेत हर्नडनला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला वरणभात मिळायचा तो शरयूकाकूंच्या घरी. विमानतळावरून प्रल्हादकाका त्याला घेऊन यायचे, काकू वाढायच्या. जेवताना पाहुणा हमखास विचारायचा, "काका, घर स्वतःचं?" आणि काका ऐटीत सांगायचे, "छे! इथे घर घेऊन करायचंय काय? पुढच्या वर्षी परत जाणार आम्ही."

ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. आधी ग्रीन कार्ड होऊ दे, मग मुलाची शाळा होऊ दे, मग कॉलेज. कॉलेजसाठी नागपूरचा फ्लॅट विकला, तेव्हा परत जायची जागाच गेली. काकांचं वाक्य मात्र ठणठणीत राहिलं! घर घेण्यासारखे दिवस होते तेव्हा त्यांनी घेतलं नाही. पुढे कंपनीतली नोकरी गेली, ते औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे राहू लागले, आणि नेमकी तेव्हाच गावाने कात टाकली, घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं आणखी काय व्हायचं?

शरयूला गाव बदलताना दिसलं ते शाळेच्या किचनमधून. ट्रे घेऊन रांगेत उभी राहणारी पोरं आधी बहुतेक गोरी, मग एल साल्वाडोरकडची, मग आपली. तिच्याबरोबर भांडी विसळणारी शेजारची मारिया भाडं परवडेना म्हणून डोंगरापलीकडे राहायला गेली आणि आता पहाटे उठून गाडी हाकत कामाला येते. किचनमधल्या बायकांपैकी गावात राहणारी एकटी शरयू उरली, तीही घरमालकीण म्हातारी भाडं वाढवत नव्हती म्हणून. म्हातारी वारली आणि तिच्या मुलाने घर विकायला काढलं.

शरयूला हायवेवर गाडी चालवता येत नाही. शाळेत ती पायी जायची. घर गेलं की नोकरी जाणार, आणि दोघांचा इन्शुरन्स त्या नोकरीवर. काकांच्या हृदयाची औषधं त्यावरच चालत होती. या काळजीने तिची झोप उडाली होती.

रविवारी घर बघायला लोक येणार होते. तेवढा वेळ बाहेर जा, असं एजंटने सांगितलं होतं, पण शरयू हलली नाही. दुपारी दारात अमेय आणि सुमेधा उभे. या जोडप्याने अमेरिकेतला पहिला महिना याच घरात काढला होता.

"काकू, तुम्ही इथेच?" अमेय गडबडला. "आम्हाला वाटलं, तुम्ही इंडियात शिफ्ट झालात म्हणून घर सेलला आलं. काका नेहमी म्हणायचे ना..."

"हो, जातोयच," प्रल्हादकाका हसून म्हणाले. "या, किचन बघा. ऊन छान येतं."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या एका वाक्याने डोक्यावरचं छप्पर घालवलं, आणि हा माणूस अजून तेच सांगतोय!

"खोटं आहे," ती म्हणाली. "कुठेही जात नाही आम्ही. जायला जागाच नाही. अमेय, घर तुम्ही घ्या, पण खालचं बेसमेंट आम्हाला भाड्याने दे रे. यांची औषधं माझ्या नोकरीवर आहेत. हवं तर तुमचा स्वयंपाक करीन."

काकांनी मान खाली घातली. अमेय बायकोकडे बघू लागला.

"काकू, बेसमेंटमध्ये आईबाबा राहणार आहेत," सुमेधा हळूच म्हणाली. "ॲक्चुअली त्यांच्यासाठीच घर बघतोय. सॉरी, काकू." तिचे डोळे भरून आले होते. पोरगी खोटं बोलत नव्हती. शरयूला चिडायलाही कोणी उरलं नाही.

सुमेधाने फोन काढला. "थांबा, आपल्या मराठी ग्रुपवर टाकते. कुणाकडे तरी बेसमेंट असेलच. 'सीनियर कपल, व्हेजिटेरियन, व्हेरी डिसेंट...'"

त्या ग्रुपवरची निम्मी माणसं शरयूच्या हातचं जेवून या गावात रुळली होती. तिने सुमेधाचं मनगट धरलं.

"टाक," ती म्हणाली. "फक्त नाव नको घालूस गं."