कौलाचा नारळ

ज्या नारळाच्या कौलावर माझ्या जाऊबाईंचं कुंकू राहायचं की पुसायचं ते ठरणार होतं, तो नारळ मी बोटीवर फोडला आणि त्याची चटणी करून खाल्ली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे देवीच्या कृपेबद्दल लिहायचं आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई जन्मापासून मोठी भाविक होती. भाविक कसली! मी तेव्हा बावीस वर्षांची होते, तळेगावच्या एका मास्तरांची मुलगी, सातवी पास. अक्कल तिथेच थांबली होती, ताठा मात्र पुढच्या इयत्तांत जात राहिला होता. देव, कौल, अंगारा हे सगळं अडाण्यांसाठी, असं मी तोंडाने म्हणायची आणि अंधारात पाल चुकचुकली की पदर घट्ट धरायची.

माझं सासर पवन मावळातलं. हे लोणावळ्याच्या रेल्वेत इंजिनाच्या कामावर होते, म्हणून आमचं बिऱ्हाड लोणावळ्यात, आणि सणासुदीला गावी. गावी शेत सांभाळायची माझी थोरली जाऊ. तिला आम्ही आक्का म्हणायचो. तिचे यजमान, म्हणजे यांचे थोरले भाऊ, मागच्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर आफ्रिकेला गेले ते आलेच नाहीत. सरकारचा कागद आला, त्यात मेले असंही नव्हतं आणि जिवंत आहेत असंही नव्हतं; पत्ता लागत नाही, एवढंच. शेजारच्या गावचा एक शिपाई परत आला होता. तो सांगायचा, छातीभर पाण्यातून किनाऱ्यावर उतरलो, वर झाडीत शिरलो तर समोरून गोळ्या आणि अंगावर मधमाश्यांचं मोहोळ उठलं, जो तो फुटेल तिकडे पळाला. तुमचा माणूस उतरताना पाहिला, पुढचं माहीत नाही. झालं. या दोन वाक्यांवर आक्काने वीस वर्षं काढली.

ती कुंकू लावत होती. पण तिचं कुंकू म्हणजे गावाला एक कोडं होतं. हळदीकुंकवाला बोलावलं तर ओटी भरायची का, न बोलावलं तर पाप लागेल का, यावर बायकांची कुजबुज तिच्या देखत चालायची. एकदा तर एका बाईने वाटी हातात धरून मोठ्यानेच विचारलं, "हिची वटी भरू का नगं? नक्की काय ते ठरवा बाई, माझ्या डोक्याला ताप नगं." आक्का उठली, पदर सावरून घरी आली आणि भाताच्या पेंढ्या रचत बसली. रडली नाही. मला वाटतं तिला रडायचीही चोरी होती, कारण रडायचं कोणत्या नात्याने, तेच ठरलेलं नव्हतं.

आमच्याकडे गावाबाहेर वाघजाईचं ठाणं आहे. तिथे कौल लावतात. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आक्काने वीस वर्षांत किती कौल लावले असतील ते त्या वाघजाईलाच ठाऊक. कधी उजवी पडायची, कधी डावी. शेवटी गुरवच वैतागला. म्हणाला, "बाई, देवीलाबी उबग आला आता. मानूस जितं उतरलं तितल्या पान्याला इचार."

आणि त्याच वर्षी यांना आफ्रिकेतल्या रेल्वेत काम मिळालं. बोट ज्या बंदरांत थांबत थांबत जाते त्यातलं एक नेमकं तेच, जिथे यांचे थोरले भाऊ उतरले होते. आक्काला हे कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला शब्दांत मांडता येत नाही. तिने एक शेंडीचा नारळ वाघजाईच्या पायाशी तीन दिवस ठेवला, लाल फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "धाकले, ह्यो तितल्या पान्यात सोड. पानी घिऊन गेलं तर त्ये गेले, म्या कुंकू पुसते. पान्यानं परत आनून टाकला तर त्ये हाईत, म्या वाट बघते. पर नीट बगून ये. तुझं डोळं त्ये माझं डोळं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, अडाणीपणा!

बोटीचं काय सांगू! आम्ही डेकवरचे उतारू. वर ताडपत्री, खाली लाकडी फळ्या, डाव्या बाजूला एका कच्छी कुटुंबाच्या गाद्या आणि उजव्या बाजूला कोंबड्यांची खुराडी. पहिले पाच दिवस माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही. सहाव्या दिवशी समुद्र शांत झाला आणि मला अशी भूक लागली, अशी भूक लागली की खुराड्यातली कोंबडीसुद्धा माझ्याकडे पाहून घाबरली असेल. डेकवर ज्याने त्याने आपापल्या शेगडीवर रांधायचं. मी भाकरी थापल्या. तोंडाला चव नव्हती. नारळाची चटणी हवी होती, बाकी काही नको. स्वयंपाकाचा नारळ कुजला होता. मग ट्रंकेत राहिला तो लाल फडक्यातला. मी स्वतःशी म्हटलं, नारळ तो नारळ, समुद्राला काय कळतंय कुठला ते? आफ्रिकेत नारळ मिळत नसतील का? तिथे दुसरा घेऊ. आणि फोडला. यांनी चार भाकरी खाल्ल्या आणि "आज चटणी फक्कड झाली" असं दोनदा म्हणाले. मी लाजल्यासारखं केलं. अशी निर्लज्ज मी!

बंदर आलं त्या सकाळी बोट दिवसभर थांबणार असं कळलं. वरच्या वर्गातल्या साहेब-मडमांना लढाईची जागा दाखवायला मोटारी आल्या होत्या. त्यांना ती सहल होती. हातात दुर्बिणी, डोक्याला टोप्या, बरोबर खाण्याच्या पेट्या. आमच्या शेजारच्या कच्छी शेठचा मेहुणा त्या गावात दुकानदार होता. त्याने आपली लॉरी आणली आणि डेकवरच्या सातआठ जणांना "चलो, सब दिखाता हूं" म्हणून चढवलं. लॉरीत बसताना यांनी विचारलं, "अगं, नारळ घेतलास ना?" मी सांगून टाकलं. लॉरी चालू होती म्हणून, नाहीतर हे तिथेच खाली उतरले असते. "माझ्या भावाचा नारळ? मी खाल्ला तो?" मी म्हटलं, "मिळेल हो दुसरा." त्यानंतर हे माझ्याशी बोलेचनात.

आता गंमत बघा. त्या किनाऱ्यावर नजर जाईल तिकडे माडच माड. हजारो माड. आणि हाताला येईल असा एक नारळ नाही! सगळे वर, आभाळाला टेकलेले, हिरवे. मेहुण्याच्या दुकानात खोबरं होतं, तेल होतं, दोर होते, झाडूसुद्धा होते. "अख्खा नारिअल?" तो हसत म्हणाला. "इधर अख्खा कौन लेता है बेन? झाडपे है ना!" त्यात तो आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडेना. मग त्याचं नवं गोदाम दाखवलं. मग त्याच्या मुलीने पेटी वाजवली. माझ्या डोक्याची शीर उडत होती. चारला बोटीवर परतायचं होतं आणि अडीच वाजले तरी आम्ही गोदामातच! शेवटी मीच ओरडले, "अहो भाऊ, समुद्र कधी दाखवणार?" तेव्हा कुठे लॉरी हलली.

आणि समुद्र नव्हता! ओहोटी. पाणी इतकं दूर गेलेलं की नुसती एक चकाकती रेघ दिसत होती. अलीकडे सगळा काळा चिखल, खाजणाची झुडपं आणि खेकडे. मडम लोक वर उभे राहून फोटो काढत होते. मेहुणा सांगत होता, इथे तोफ होती, तिथे जर्मन साहेब राहायचा. शिपायांचं म्हणून तो एकच बोलला, "बहुत आदमी यहीं गया." त्याने हात केला तो नेमका चिखलाकडे.

मी वहाणा काढून चिखलात उतरले. का, ते विचारू नका. हातात नारळ नाही, समोर पाणी नाही, नवरा बोलत नाही, आणि तिकडे मावळात एक बाई रोज सकाळी आरशासमोर बोट कपाळापाशी नेऊन थांबत असणार. कौल जो काही मिळेल तो तिच्या कपाळावर लिहिला जाणार होता आणि तो लिहिण्याची दौत मी पिऊन टाकली होती. गुडघाभर रुतले आणि तिथेच उभी राहून रडू लागले. मनात म्हटलं, वाघजाई, मी तुला मानत नाही असं म्हणायची, आता तूच बघ बाई, माझ्या हातात काही उरलं नाही.

हे माझ्यामागून चिखलात आले. माझ्याजवळ थांबले नाहीत, चार पावलं पुढे गेले. कौल लावताना ज्याचा कौल त्याला नावाने हाक मारायची, आणि भावाला हाक मारायचं काम यांचं होतं. आम्हा जावांना ते नाव तोंडाने घ्यायचं नव्हतं. यांनी तोंड उघडलं, पण नाव निघालंच नाही. "दादा!" एवढंच. एकदाच. लहान मूल जत्रेत चुकल्यावर ओरडतं तसं. लग्न झाल्यापासून मी यांना भावासाठी रडताना पाहिलं नव्हतं, वीस वर्षांत घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या हाकेने दूर चिखलात वाकलेली एक म्हातारी सरळ झाली. तिथल्याच बाया ओहोटीला शिंपल्या उकरतात, त्यातली एक. अंगाला दोन रंगीत कापडं गुंडाळलेली, हातात टोकदार काठी. ती आमच्याकडे आली. यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दूरच्या पाण्याच्या रेघेकडे पाहिलं. मग ती भरतीने टाकलेल्या काडीकचऱ्यात गेली आणि तिथून एक नारळ उचलून आणून माझ्या ओंजळीत दिला. काळपट, खारट, कुठून कुठून वाहत आलेला. आणि त्याला वीतभर कोंब फुटलेला.

मी इतकी खूश झाले की विचारू नका. पाण्याकडे निघाले. तर म्हातारीने माझ्या मनगटावर फाडकन चापटी मारली! नारळ हिसकावून घेतला, माझ्या दंडाला धरून वर कोरड्या वाळूत नेलं, भरतीची खूण सोडून चार हात पलीकडे काठीने खड्डा केला, नारळ कोंब वर ठेवून अर्धा पुरला आणि टाचेने वाळू दाबली. मी ओरडतेय, "अगं बाई, कौल आहे तो! पाण्यात सोडायचाय!" ती मान हलवतेय. मी ओढतेय, ती ढकलतेय. वरून मडम आमचा फोटो काढतेय. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. म्हातारीने माझ्या गालावर चिखलाचा हात एकदा फिरवला आणि आपल्या शिंपल्यांकडे निघून गेली. हे माझ्या वहाणा उचलून घेऊन आले आणि म्हणाले, "चल, बोट सुटेल."

ती वाघजाई होती असं मी म्हणणार नाही. वाघजाई आमच्या घाटात बसते, तिला शिंपल्या उकरायची काय गरज? पण जिने मला दिलं तिनेच माझ्या हातून काढून घेतलं, आणि दोन्ही वेळा मला विचारलं नाही, हे मी विसरू शकले नाही. कौल मागणं म्हणजे देवावर सोपवणं, असं आम्ही समजत होतो. खरं तर आम्ही देवीला वीस वर्षं धरून ठेवलं होतं, हो म्हण नाहीतर नाही म्हण म्हणून. त्या म्हातारीने हो-नाहीची जागाच काढून घेतली. तिला मी त्या दिवशी मनात चार शिव्या दिल्या होत्या. आज रोज दिव्याला हात जोडताना तिचाही हात आठवतो, चिखलासकट.

पण आक्काला काय सांगायचं? पत्र लिहिलं तर ते गावात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणून तीन वर्षं नुसतं "सर्व कुशल" लिहीत राहिले आणि ती तिकडे वाट बघत राहिली. रजेवर आलो तेव्हा भाताची आवणी चालली होती. आगगाडीत माझं ठरत नव्हतं. पाण्याने नेला म्हणावं तर मीच तिचं कुंकू पुसणार, परत आला म्हणावं तर मीच तिला मरेपर्यंत दारात बसवणार. खाचराच्या बांधावर पोचले. आक्का गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होती. तिने वर पाहिलं, आणि माझी खोटं बोलायची तयारी संपली. चटणीपासून चापटीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना मी रडले, मधेच हसले, पुन्हा रडले.

आक्काने ऐकताना लावणी थांबवली नाही. ओळ संपल्यावर ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "यंदा सर्वपित्रीला त्येंच्या नावाचं पान वाढीन म्या. आन् सकाळी कुंकूबी लावीन. ज्येला ह्येचा मेळ लागत न्हाई त्येनं जाऊन समिंदराला इचारावं, मला इचारू नगं. उतर आता खाली, ती रोपांची मूठ धर, पानी वसरायच्या आत खाचर लावून संपवायचं हाय."