वरून आलेली वायर

कुवेतमधल्या हवल्लीतलं आमचं घर जाणार हे आख्ख्या बिल्डिंगला, हारिसला म्हणजे रखवालदारालासुद्धा, माहीत होतं, मला सोडून. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यासारखं गाफील कुणी राहू नये. तो आठवडाभर मी रोज दुपारी टीव्हीसमोर बसून इंग्लंडातल्या एका बाईला बावळट म्हणत होते, आणि माझ्या शेजारी बसून माझाच चहा पिणाऱ्या दोघीजणी माना हलवत होत्या. इतकी वर्षं झाली, राग गेलेला नाही. जावा असंही वाटत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गच्चीवर एकच डिश होती, ती तिसऱ्या मजल्यावरच्या पुण्याच्या कुटुंबाची. त्यांचे मिस्टर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर, माणूस भला. त्यांनी आपल्या रिसीव्हरची एक वायर खिडकीबाहेरून खाली आमच्याकडे सोडली होती. आमच्या खिडकीशी एक छोटी डबी बसवलेली, तिथून फाटे फुटून ती खाली आणखी दोन घरांत जायची. सोय झकास. फक्त रिसीव्हर एक, रिमोट एक, आणि तो रिमोट त्यांच्या बायकोच्या हातात. वरच्या बाई जे लावतील ते चार घरांनी बघायचं. हिंदी मालिका ऐन रंगात आली की खटकन बातम्या सुरू व्हायच्या. एकदा मी वर जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "मग स्वतःची डिश घ्या ना." तेव्हापासून आमचं बोलणं गच्चीवर कपडे वाळत घालताना 'जरा सरका' एवढंच उरलं होतं.

या बाईंना इंग्रजी सुधारायची हौस आली, म्हणून रोज दुपारी एक ब्रिटिश मालिका आमच्या डोक्यावर आली. विटांच्या घरांची एक गल्ली, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता, एक दुकान, आणि दिवसभर एकमेकांच्या घरात नाक खुपसणारी माणसं. आधी मी चिडून टीव्ही बंद करायचे. मग एकदा त्यांचं कडाक्याचं भांडण लागलं, ते बघत उभी राहिले आणि अडकले. त्यांचं इंग्रजी मला ओ की ठो कळायचं नाही. माझी मुलगी शाळेतून येऊन जेवता जेवता सांगायची, तेही अर्धं इंग्रजीतच.

माझ्याकडे दोघी यायच्या, कारण आमचा टीव्ही मोठा होता. पहिल्या मजल्यावरची भाभी रायगडच्या किनाऱ्यावरची, तोंडाची गोड. दुसरी तळमजल्यावरची, लातूरकडची. तिचा नवरा आणि माझा नवरा शर्क भागात एकाच ऑफिसात. या दोघींना मी मैत्रिणी म्हणत होते. तापात त्यांच्या पोरांना पेज करून दिली होती मी.

त्या आठवड्यात मालिकेत एका माणसानं बायकोला न सांगता राहतं घर विकलं. शनिवारच्या भागात गुत्त्यात बसून व्यवहार ठरला. रविवारच्या भागात बायको कामावर गेल्यावर घेणारा माणूस घर बघायला आला, आणि शेजारणीनं स्वतःजवळच्या किल्लीनं त्याला दार उघडून दिलं.

"बघितलंत?" मी म्हटलं. "अशा शेजारणीला उभं जाळलं पाहिजे."

"हाव गो," भाभी म्हणाली, आणि उठून माझ्या शिलाई मशीनचं कव्हर काढून बघू लागली. एक चिंधी घालून चार टाके मारले. "मऊ चालतंय गो तुजा मशीन."

आदल्या दिवशी लातूरवालीनं विचारलं होतं, "ताई, तुमचा फ्रिज किती वर्षांचा झाला ओ?" दार उघडून रबर दाबून बघितलं होतं. मी फुशारले. म्हटलं, जळतायत माझ्या संसारावर.

हा माझा मूर्खपणा कुवेतमध्ये राहिलेल्या कुणालाही कळेल. तिथं एखादं कुटुंब कायमचं निघालं की त्यांचं सामान विकत घ्यायला शेजारीपाजारी आधीच बोलून ठेवतात. कुणी फ्रिज, कुणी पलंग, कुणी गालिचा. माझं कपाट खुद्द मी असंच एका केरळी नर्सकडून घेतलं होतं, आणि ते बोलायच्या आधी त्याच्या बिजागऱ्या अशाच हलवून पाहिल्या होत्या. तरी आपल्याच रबरावर कुणी बोट दाबलं तेव्हा माझी ट्यूब पेटली नाही. आपल्या घरात बसून आपण निघालोय हे माणसाच्या मनात येत नाही.

सोमवारी मालिकेतली ती बाई कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली आणि सगळे बोलायचे थांबले. एक जण डबे मोजू लागला, दुसरी छत बघू लागली.

"काय झालं गं यांना?" मी मुलीला विचारलं.

"एव्हरीबडी नोज, आई," ती वरण कालवत म्हणाली. "ओन्ली शी डझन्ट."

मी हसले. चांगली खदखदून हसले. "एवढी कशी गं ही बावळट! स्वतःच्या घराचं कळू नये बाईला?" भाभीनं कप उचलला. लातूरवाली म्हणाली, "असतंय की एकेकीचं." मला वाटलं, मालिकेबद्दलच बोलतेय.

मंगळवारी सकाळी मी गच्चीवर चादरी घालत होते. वरच्या बाई बादली घेऊन आल्या. 'जरा सरका' म्हणतील म्हणून मी आधीच सरकले. तर म्हणाल्या, "जाण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टाइल्स घासून घ्या. माझी नणंद येतेय तिथं राहायला, तिला तेलकटपणा चालत नाही."

"कुठं राहायला?"

"तुमच्या जागेत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला चिमटा बादलीत टाकला.

"तुम्हांला सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. "बरं, मग ऐका. तुमच्या मिस्टरांचा फॅमिली स्टेटस कंपनीनं काढून घेतलाय, घरभाडं, शाळेची फी, सगळं बंद. त्यांनी हारिसला जागा सोडत असल्याचं सांगितलं, जूनपर्यंत. हारिसनं आम्हांला सांगितलं. खालच्या दोघींनाही माहीत आहे. मला वाटलं तुम्हीच मानभावीपणा करताय." मग साडीचा पदर खोचून त्या कपडे घालू लागल्या. "हे योग्य नाही केलं त्यांनी," एवढंच पाठमोऱ्या म्हणाल्या. सहानुभूती नव्हती त्यात, आणि त्या क्षणी ती मला सोसलीही नसती.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी विचारलं. तो आधी बूट काढत राहिला. मग म्हणाला, "तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं. शेवटी सांगणारच होतो." जूनमध्ये मुलांची शाळा संपली की मी आणि मुलं चिपळूणला. तो चौघांत एक खोली घेऊन इथंच राहणार. तिकिटांचंही बोलून ठेवलेलं.

"हारिसला आधी सांगितलंत," मी म्हटलं.

"अगं, नियमच आहे तो. जागा सोडायची तर त्याला आधी कळवावं लागतं."

रखवालदाराला कळवायचा नियम होता. बायकोला कळवायचा नव्हता. मला रडू आलं नाही. कुकर आपटावासा वाटला, आणि मी तो आपटला.

बुधवारी दुपारी दोघी आल्या. ठरल्या जागी बसल्या. मी चहा ठेवला नाही, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही, कारण मालिका कळसाला पोचली होती. गुत्ता भरलेला. ती बाई दार ढकलून आत आली. सगळे गप्प. म्हातारी शेजारीण उठून उभी राहिली, तिनं तोंड उघडलं.

मी खिडकीशी गेले आणि वरून आलेली वायर डबीतून उपटली.

"अगो बाय!" भाभी ओरडली. "ऐन टायमाला!"

"ताई, लावा की लवकर! आता सांगणार व्हती ती तिला."

"तुम्ही कशाला बघताय?" मी म्हटलं. "तुम्हांला सगळं आधीच माहीत असतं."

दोघींचे चेहरे उतरले. लातूरवाली खाली बघू लागली. भाभी माझा हात धरायला आली. "तुजा जीव दुखेल म्हणून गो..."

"माझ्या जिवाचं नंतर बघ. मशीन तुला हवंय ना? आणि फ्रिज हिला? एक चमचा मिळणार नाही. जा." जूनमध्ये तो फ्रिज मी शुक्रवारच्या बाजारातल्या एका अनोळखी इजिप्शियन माणसाला देऊन टाकला, आणि जिन्यातून नेताना फ्रिज दोघींच्या दारांवर आपटला तेव्हा मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर मी खिडकीत उभी राहिले. वायर ओढली गेल्यामुळे वरच्या बाई आपल्या खिडकीतून खाली वाकून बघत होत्या. लोंबणारी वायर त्यांनी पाहिली, मला पाहिलं. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला.

"शेवटी त्या बाईनं घराला आतून कडी घातली," त्या वरून म्हणाल्या. "मी हलणार नाही म्हणाली. पोलीस आणा म्हणाली." आणि खिडकी लावून घेतली.

मला कडी घालता येत नव्हती. माझा अकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर होता. त्यानं तो रद्द केला की कुवेतमध्ये मी कुणीच नव्हते, आतून कितीही कड्या घातल्या तरी. मी आत जाऊन मुलांना खायला दिलं.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यानं बटणं दाबून पाहिली, मागची वायर हलवून पाहिली.

"काय झालं याला?"

मी भाजी चिरत होते. "खाली विचारा," मी म्हटलं. "वर विचारा, हारिसला विचारा. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, तुम्हीच तेवढे राहिलात."