एकनाथचं जहाज तोडायला निघालं

एकनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन डहाणूजवळ आगरला आले तेव्हा तो तिसरीत होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे नवऱ्याबरोबर एक पोरगंही मला तयारच मिळालं. आता तो चौसष्टचा, मी पंच्याहत्तरीची, तरी त्याचं जेवण, औषधं, हट्ट, सगळं अजून माझ्याचकडे. त्याची बायको मनोरमा बोर्डीच्या शाळेत शिकवायची. ती चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.

यंदा माघात त्याने एकच हट्ट धरला. ज्या जहाजावर नोकरीची बारा वर्षं काढली, ते गुजरातेत तोडायला नेणार होते. त्याआधी ते एकदा डोळ्यांनी बघायचं. बस, एवढंच.

जहाज नेव्हीचं. त्या जातीच्या जहाजाला विनाशिका म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हे तर कुणाच्या तरी सासूचं नाव वाटतं. अठराव्या वर्षी घरची होडी सोडून तो नेव्हीत गेला. सासरे म्हणाले, जायचं समुद्रातच, तर मग परक्याच्या होडीत कशाला?

त्याचं काम तळाला, इंजिनरूममध्ये. विमानाला असतात तसली चार मोठी इंजिनं, त्यांना टर्बाईन म्हणतात. नेहमीच्या चालीला दोन पुरतात, पळायचं असेल तेव्हा चारही लावायची. चार तास पाळी, आठ तास मोकळे, आणि त्या आठांतच झोप, जेवण, धुणं, साफसफाई. आवाज इतका की कानावर झाकणं लावूनही शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. म्हणून तिथे माणसं हातांनी बोलतात. सुट्टीवर आला की घरातही तेच. अंगठा वर, म्हणजे पाणी आण. पंजा आडवा फिरवला, म्हणजे पुरे, वाढू नको. मी चिडायचे, पण खुणा सगळ्या शिकले. पुढे त्याचे कान गेले तेव्हा त्याच कामाला आल्या.

एकदा मी विचारलं, "लढाईचं जहाज ना रे तुझं? मग मारलंत कुणाला?"

"कुणालाच नाही."

"इतक्या वर्षांत?"

"इतक्या वर्षांत."

"मग करता काय तिथे रात्रंदिवस?"

"तयार राहतो, वैनी."

मला हसू आलं. मीही चुलीपाशी जन्मभर तयारच होते, मला कुणी सलाम ठोकला नाही.

दर काही वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत घ्यायचं, तळ खरवडायचा, जुनी यंत्रं काढून दुसरी बसवायची. असं करत करत पंचवीस वर्षांसाठी बांधलेलं जहाज चाळीस वर्षं चालवलं. एकनाथला मात्र कुणी दुसरी फुफ्फुसं बसवून दिली नाहीत. डॉक्टर म्हणतात तेलाची वाफ, धूर आणि बिड्या. एकनाथ म्हणतो फक्त बिड्या. जहाजाला बोल लावलेला त्याला चालत नाही. आता खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतं, ते त्याला ऐकू येत नाही आणि आम्हाला झोपू देत नाही.

जहाज निवृत्त होताना जुन्या माणसांना बोलावतात. सूर्य मावळताना झेंडा शेवटचा उतरवतात. एकनाथलाही पत्र आलं होतं. त्याने पांढरा सदरा इस्त्री करून घेतला, आणि त्या दिवशी तो डहाणूच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडला होता. जहाजाचं नावही आता त्याचं राहिलं नाही. ते पुढे नव्या जहाजाला देतात, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

मग त्याचा जहाजावरचा दोस्त साजी, तिथला आचारी, त्याचा फोन माझ्या मुलाला, लाहूला आला. सोमवारी संध्याकाळी मुंबईहून टग, म्हणजे ओढणारी बोट, जहाजाला घेऊन निघणार. एकनाथने लगेच पाटीवर आकडे मांडले. ओढलेलं जहाज तासाला चार-पाच मैल जाणार, म्हणजे मंगळवारी सकाळी नवाच्या सुमाराला आपल्यासमोर, वीस-पंचवीस मैल बाहेर.

लाहू म्हणाला, "काका, जाळं टाकायचं नाही, मासा आणायचा नाही, नुसतं बघून यायचं? आणि वाटेत तुला दम लागला तर?"

मी खुणेने सांगितलं. एकनाथ म्हणाला, "दम घरीही लागतो."

आमच्यात बायका मासेमारीच्या होडीत बसत नाहीत. पण ही मासेमारी नव्हती, आणि त्याच्याशी बोलणार कोण? मंगळवारी पहाटे लहान सिलिंडर, पेजेचा डबा आणि आम्ही तिघं निघालो. मी दोनदा ओकले. लाहू म्हणाला, "आई, कोळ्याची सून ना तू?" मी म्हटलं, "सून आहे, मासा नाही."

हिशोब त्याचा बरोबर निघाला. आधी टग दिसला, मागे लांबच लांब दोर, आणि मग ते. राखाडी, उंच, जागोजाग गंजलेलं. तोफा काढलेल्या, वरचे खांब काढलेले, पुढचा नंबर रंगाने पुसलेला. वर चिटपाखरू नाही. वायरलेसवर कुणीतरी "बोट दूर रखो" म्हणून ओरडत होतं. लाहूने अर्ध्या मैलावर होडी धरली आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लागला.

एकनाथ होडीच्या दोराला धरून उभा राहिला. तो रडेल म्हणून मी पदर हातात घेऊन तयार. तो रडला नाही. लग्नात कुणी ओळखीचं हसतं आणि नाव आठवत नाही, तसा नुसता बघत राहिला.

मी बोट करून विचारलं, हेच ना?

तो म्हणाला, "वैनी, मला कळत नाही."

"अरे, बारा वर्षं राहिलास ना त्यात?"

"आत राहिलो. पाण्याच्या खाली. बंदरात चढायचो तेव्हा दिसायची ती शिडी आणि एक भिंत. समुद्रात असताना बाहेरून कधी बघितलंच नाही. बघणार कुठून, मी तर आतच असायचो." दम घेऊन म्हणाला, "इंजिनरूममध्ये उभं करा, डोळे झाकून सांगतो. तळपायाला कळतं."

"काका, तेच आहे," लाहू ओरडला, खुणा विसरून. "साजीकाकांनी सांगितलं ना!" मी ते हातांनी सांगितलं.

"याच साच्यातली आणखी होती," एकनाथ म्हणाला, आणि फळीवर बसला. जहाज लहान होत होत गेलं. त्याने पेज घेतली नाही.

संध्याकाळी साजीचा पुन्हा फोन. एकाच साच्यातली दोन जहाजं विकली गेली होती. एक सोमवारी निघालं, दुसरं गुरुवारी निघणार. पहिलं कोणतं ते गोदीतल्या माणसालाही सांगता येईना. लाहू म्हणाला, काकाला नको सांगायला, तेच होतं म्हण. मी म्हणायला गेले. पण तोंडाने खोटं बोलता येतं, हातांनी मला जमत नाही. त्याने माझे हात बघितले आणि म्हणाला, "सांग खरं काय ते." मी सांगितलं.

शुक्रवारी पहाटे लाहू कुणी न सांगता तयार झाला. एकनाथने सदरा चढवला, खाटेवरून उठला आणि उंबऱ्यापर्यंत येईतो ओठ निळे पडले. आम्ही त्याला परत निजवलं. लाहू एकटाच गेला, व्हिडिओ घेऊन आला. तोच टग, तसाच दोर, तसंच राखाडी जहाज, नंबर पुसलेला. एकनाथने दोन्ही व्हिडिओ दिवसभर बघितले, थांबवून, मोठे करून. दिवे लागले तेव्हा मोबाईल परत दिला.

त्याला आता महिना होऊन गेला. खाटेवरून उठणं बंद आहे. साजीने सांगितलंय की तोडताना पुढून कापत येतात, इंजिनरूम मागे राहते. तेव्हापासून एकनाथ रोज सकाळी सांगतो, आज इथवर आले असतील, आज खलाशांच्या खोल्यांपर्यंत. काल चहा देताना म्हणाला, "वैनी, आता इंजिनरूमला हात घातला असेल."

मी विचारलं, "कोणत्या जहाजाच्या?"

"दोन्ही धर," तो म्हणाला, आणि कप माझ्याकडे दिला. चहा अर्धा तसाच होता.